कुत्र्यांचे केस कापणारा दत्ताराम

सुजाताचा फोन आला तेव्हा मी अंगणात नारळ सोलत होतो. "सर, बाबा गेले," एवढंच म्हणाली. कधी, विचारलं तर म्हणाली, "आत्ताच. चहा घेतला, खुर्चीत बसले... आणि बसलेलेच राहिले." सुजाता ही दत्तारामची मुलगी, माझी जुनी विद्यार्थिनी. शाळेत पाठांतर म्हणून दाखवायची त्याच सुरात तिने हे सांगितलं आणि फोन ठेवला. मी तसाच हातपाय धुऊन निघालो. त्याचं घर आमच्या मांद्रे गावातच, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. या दहा मिनिटांच्या वाटेवर एके काळी मी तेरा वर्षं पाऊल टाकलं नव्हतं.

स्मशानात आलेली माणसं पाहून आरोंद्याहून आलेल्या त्याच्या नातेवाइकांना प्रश्न पडला. पणजीचं एक जोडपं होतं, डिचोलीचे जनावरांचे डॉक्टर होते, पेडण्याच्या बाजारातला कापडवाला होता, आणि एक परप्रांतीय बाई एका बाजूला उभी राहून डोळे पुसत होती. त्याच्या चुलतभावाने मला हळूच विचारलं, "सर, ही कोण माणसां?" मी म्हटलं, "ही कुत्रीवाली माणसं." याहून वेगळं उत्तर मला सुचलं नाही आणि ते चूकही नव्हतं.

दत्ताराम मूळचा आरोंद्याचा. तेरेखोल नदीच्या पलीकडचा, म्हणजे कागदावर महाराष्ट्रातला. पण किरणपाणीला होडीत बसलं की पंधरा मिनिटांत गोव्यात. मांद्र्याच्या बाजारात त्याने दोन खुर्च्यांचं सलून काढलं ते गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या आसपास. ते दिवस भाषेच्या वादाचे. कोकणी की मराठी, यावरून सख्खे शेजारी बोलायचे बंद झाले होते, आणि दोन्ही बाजूंची माणसं दाढीला मात्र त्याच्याकडेच यायची. मी मराठीचा शिक्षक, त्यामुळे माझी बाजू ठरलेलीच होती. वाद रंगात आला की कुणी तरी त्याला विचारायचं, "दत्ताराम, तुझी भाषा खंयची?" तो मान वर न करता म्हणायचा, "माझी मालवणी. तिका कोणच इचारणा नाय," आणि सगळे हसायचे. हात इतका हलका की खुर्चीत डोळा लागायचा.

तो रविवार होता. माझी दाढी चालली होती आणि बाकावर तिघं-चौघं नंबर लावून बसले होते. एवढ्यात आंजेलिनबाय दारात आली. म्हातारी एकटी राहायची, मुलगा आखातात. जाताना त्याने तिच्या सोबतीला एक पांढरं, झुपकेदार केसांचं कुत्रं आणून दिलं होतं. ते कुत्रं तिने टोपलीत घालून आणलं होतं. केसांचा पार गठ्ठा झालेला, माश्या घोंघावत होत्या, आणि वास असा की बाकावरच्या एकाने नाकाला रुमाल लावला. "पळय रे पुता," ती दत्तारामला म्हणाली. "दोतोर म्हणटा, केंस काडल्याबगर घाय दिसना." पेडण्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर गाई-म्हशींचे. त्यांच्याकडे केस काढायचं मशीन नव्हतं. केस काढून आणा, मग जखमेवर औषध लावतो, म्हणाले होते. बिचारी बसने परत येऊन थेट सलूनात आली. केस कापणारा तिला दुसरा कुठला माहीत असणार!

दत्तारामने टोपलीत डोकावून पाहिलं. मग मला म्हणाला, "सर, वायच बसा. हेका आदी बगतंय." मशीन आणि कात्री घेऊन तो मागच्या बाजूला फणसाखाली गेला. मी गालाला साबण तसाच घेऊन बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. फेस सुकून कातडी ओढायला लागली. मागून कुत्र्याचं विव्हळणं आणि त्याचं "झाला हां, झाला हां" ऐकू येत होतं. एकेक करत बाकावरची माणसं उठून गेली. शेवटी मीही टॉवेलने तोंड पुसलं आणि निघालो. नंतर कळलं, गठ्ठ्याखाली जखमेत किडे पडले होते. ते सगळे त्याने चिमट्याने काढले, आणि दुसरी बस पकडून म्हातारीबरोबर दवाखान्यात गेला. कुत्रं जगलं.

दुसऱ्या दिवसापासून सलून ओस पडलं. कुत्र्याला लावलेली कात्री आता आपल्या डोक्याला लावणार, असं गावभर झालं. त्याने नवी हत्यारं आणली. गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर पाणी उकळून त्यात ती घालायला लागला. पण तेही उलटलं. एवढं उकळतो म्हणजे काही तरी असणारच, असं लोक म्हणाले. एके संध्याकाळी देवळाच्या आवारात हाच विषय निघाला आणि कुणी तरी मला विचारलं, "सर, तुमचं काय मत?" गावात शिक्षकाच्या शब्दाला वजन असतं, हे मला ठाऊक होतं. ते आवडतही होतं. मी म्हटलं, "शेवटी स्वच्छतेचा प्रश्न आहे." चारच शब्द. त्यात वाईट काहीच नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. पण "सरांनीसुद्धा सांगितलं" असं होऊन ते वाक्य घरोघरी फिरलं, आणि दोन महिन्यांनी त्याने सलून बंद केलं. मी दाढीला हरमलला जायला लागलो.

पुढचं त्याच्याच तोंडून पुष्कळ उशिरा ऐकलं. त्याचा मेहुणा डिचोलीला खाणीच्या ट्रकवर होता. त्याने याला खाणीच्या कँटीनमध्ये लावलं. तिथल्या एका मॅनेजरच्या बंगल्यावर दोन लांब केसांची कुत्री होती. उन्हाळ्यात धापा टाकायची, आणि लाल मातीने अंगावर पुटं चढलेली. दत्तारामने एका दुपारी मॅनेजरच्या बायकोला विचारून दोघांचे केस उतरवले. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या बंगल्यातून निरोप आला. डिचोलीच्या डॉक्टरांच्या कानावर ही गोष्ट गेली, आणि टाके घालायच्या आधी केस काढायचे असले की ते त्याला बोलावून घ्यायला लागले. तिथे उभं राहून तो शिकला. कान कसा साफ करायचा, नख किती कापायचं म्हणजे रक्त येत नाही, हिरडी पांढरी पडली की गोचिडीचा ताप कसा ओळखायचा... काही वर्षांनी तो मांद्र्याला परतला आणि घराच्या बाजूला पत्र्याची शेड बांधली. आत सिमेंटचं टाकं आणि कमरेएवढं टेबल. तोवर किनाऱ्यावर गेस्टहाउसं उभी राहिली होती, कुत्री पाळणारी नवी माणसं आली होती. शेडसमोर गाड्या लागायला लागल्या. मी रस्ता बदलून जायचो.

माझा मुलगा बोटीवर नोकरीला लागला आणि त्याने पाळलेली ज्युली आमच्याकडे राहिली. लांब कानांची, तपकिरी, लाडावलेली. तिला केस कापायला आम्ही म्हापशाच्या एका चकचकीत दुकानात नेलं. काचेचं दार, आत थंड हवा. "ठेवून जा, चार वाजता या," म्हणाले. चार वाजता ज्युली मिळाली ती कापसासारखी मऊ आणि सुगंधी. पण अंगाचं कापरं थांबेना. घरी येऊन पाहतो तर कानाच्या कडेला चीर आणि पोटाला मशीनचा चटका. त्यानंतर ती कुणाला हात लावू देईना, मलासुद्धा नाही. माझी बायको वृंदा म्हणाली, "दत्तारामकडे नेऊया." मी काहीबाही कारणं सांगायला लागलो. ती साडी बदलून आली आणि म्हणाली, "तुम्हाला लाज वाटते ना? मग घरी बसा. मी नेते." मी ज्युलीची साखळी घेऊन निघालो.

तो शेडच्या दारात उभा होता. केस पिकलेले, गुडघे वाकलेले. "येवा सर," म्हणाला. जणू कालच भेटलो होतो. मग ज्युलीकडे बघून, कुणाच्या लेकीची चौकशी करावी तसं, "चेडवाचा नाव काय?" त्या दिवशी त्याने तिला हातही लावला नाही. मशीन सुरू केलं आणि स्वतःच्या मनगटावर फिरवत बसला. ती टेबलाखाली बसून बघत होती. दुसऱ्या खेपेलाही तेच. मी वैतागून म्हटलं, "आजही नाही?" तो म्हणाला, "तिचो इस्वास दुसऱ्यान मोडलो, सर. तो जोडूक टायम लागतलो." तिसऱ्या खेपेला ज्युलीने आपण होऊन हनुवटी त्याच्या तळहातावर ठेवली.

वृंदा बाहेर बाकावर होती. शेडमध्ये आम्ही दोघंच. मी म्हटलं, "दत्ताराम, तेव्हा देवळाकडे मी जे बोललो..." मशीन थांबलं. तो ज्युलीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "माका त्याच सांजेक कळला होता," तो म्हणाला. "दुसरो कोण बोललो असतो तर माका काय वाटला नसता. तुमी बोललात... चार दिवस माका जेवाण गेला नाय." मी मान खाली घातली. मग तोच म्हणाला, "पण चूक माझीव होती. तुमची दाढी अर्दीच रवली. डावी बाजू झाली होती, उजवी रवली. गिरायक असा सोडून उठूचा नसता." त्याच्या मनात ही टोचणी इतकी वर्षं होती! मी ओशाळून हसत म्हटलं, "मग आज कर पुरी." तो हसला नाही. "माणसाची दाढी सोडली ती सोडली, सर. आता ह्यो हात कुत्र्यांचो," म्हणाला आणि मशीन सुरू केलं. त्याने मला माफ केलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मोडलेलं सगळंच जोडता येत नाही, एवढं त्या दिवशी कळलं.

त्यानंतर मात्र मी जात राहिलो, कधी कधी ज्युलीला न घेताही. शेडबाहेरच्या बाकावर कुत्र्यांच्या मालकांचं एक जग भरायचं. तीर्थयात्रेला जाताना कुत्रं पंधरा दिवस सांभाळायला ठेवलं आणि बरगड्या मोजता येतील असं परत मिळालं, हे कापडवाला दर खेपेला नव्याने सांगायचा. कुणाला कुठल्या दवाखान्यात तीन तास ताटकळावं लागलं, कुठल्या डॉक्टरांनी पावसात घरी येऊन सलाइन लावलं, सगळ्याची तिथे देवाणघेवाण चाले. मराठी, कोकणी, मोडकंतोडकं इंग्रजी. भाषेवरून तिथे कुणाचं अडल्याचं मी पाहिलं नाही. आणि मालकाने समोर बसायचं, हा दत्तारामचा नियम होता. कुत्र्याला आपलं माणूस दिसलं पाहिजे, म्हणायचा.

एकदा कान साफ करताना ज्युलीच्या मानेजवळ, दाट केसांखाली, वालाच्या दाण्याएवढी गाठ त्याच्या बोटाला लागली. तो म्हणाला, "आजच डिचोलीक चला." मी उद्यावर ढकलत होतो. त्याने शेडला कडी घातली आणि आमच्याबरोबर बसमध्ये चढला. डॉक्टरांनी गाठ तपासून विचारलं, "ही कुणाला सापडली?" मी बोट दाखवलं. "मग बरोबर," ते म्हणाले. शस्त्रक्रियेआधी मानेवरचे केस त्यानेच काढले आणि भूल चढेपर्यंत तिचं डोकं धरून तिच्याशी मालवणीत बोलत राहिला. ज्युली त्यानंतर चार वर्षं जगली. ती गेली तेव्हा तिला पुरायला खड्डा खणला तो आम्ही दोघांनी, आमच्या आंब्याखाली.

शेवटची वर्षं त्याचे गुडघे फारच धरले होते. दिवसाला एक कुत्रं, फार तर दोन. सुजाता पेडण्याला औषधांच्या दुकानात कामाला जाते. तिला हे काम शिकवावंसं त्याला वाटलं नाही, की तिनेच विचारलं नाही, मला माहीत नाही. तेराव्यानंतर तिने हत्यारं डिचोलीच्या डॉक्टरांना देऊन टाकली. शेडमध्ये आता तिची स्कूटर असते. टेबल जड म्हणून तेवढं तिथेच राहिलं.

गेल्या रविवारी मी तिच्याकडे गेलो होतो. चहा चालला असताना फाटकाशी आवाज झाला. तेरेखोलचा एक निवृत्त माणूस फेरीबोटीतून उतरून पेडण्याच्या बाजाराला निघाला होता. त्याच्या स्कूटरवरून एक बुटकं, केसाळ कुत्रं उडी मारून आत पळालं. नाव टायगर. "दर रविवारी असंच," सुजाता म्हणाली. "थांबवता येत नाही." ते थेट शेडमध्ये गेलं, स्टुलावर पाय ठेवून टेबलावर चढलं आणि मान खाली घालून उभं राहिलं. आम्ही मागोमाग गेलो. सुजाता ओलं फडकं आणायला आत वळली. मला राहवेना. मी खिशातल्या रुमालाने त्याचे कान पुसले, डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि म्हटलं, "झालं." ते हललं नाही. मी पुन्हा, जरा मोठ्याने, वर्गात म्हणायचो तसं म्हटलं, "झालं रे." ते माझ्याकडे न बघता तसंच उभं. मालक फाटकातून हाका मारत होता. मी खाली वाकलो आणि त्याच्या कानाशी हळूच म्हटलं, "झाला हां... झाला."

टायगरने अंग झाडलं आणि टेबलावरून खाली उडी मारली.