मोठ्याने वाचणाऱ्या वहिनी

साक्षरता वर्गात माझ्या बाकावर बसणाऱ्या वहिनींशी माझी ओळख खोडरबरामुळे झाली. त्यांचे रबर झिजून संपले होते आणि माझे नवे होते, म्हणून मी अर्धे तोडून दिले. फोनवर लिहिल्या जाणाऱ्या दोन-दोन ओळींच्या संदेशांना काही अर्थ असतो की तो निव्वळ रिकामटेकडेपणा आहे, असा वाद परवा वर्गात झाला. तेव्हा वहिनींची हकीकत आठवली. ती त्यांच्याकडून जशी ऐकली तशी लिहीत आहे.

वहिनींच्या यजमानांचे केस कापण्याचे दुकान होते. दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि वाट पाहणाऱ्यांसाठी बाक. यजमानांची जीभ कात्रीपेक्षा वेगाने चाले, म्हणून सारी गल्ली त्यांना 'रेडिओ' म्हणे. पुढे त्यांच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेने जीव वाचला, परंतु आवाज गेला. घरी आल्यावर ते खुणा करू लागले. टेबलावर एक टिचकी म्हणजे पाणी, दोन म्हणजे दिवा बंद कर. एवढ्यावरही संसार चालतो, अशी वहिनींनी मनाची समजूत घातली.

मग मुलीने वडिलांच्या फोनवर सगळ्या ओळखीच्यांना दिसतील असे छोटे संदेश लिहिण्याची सोय करून दिली. रेडिओ जेवताना लिहीत, दुकानात लिहीत आणि लिहिता लिहिता स्वतःशीच हसत. गिऱ्हाइके, शेजारी, ओळखीपाळखीचे सगळे ते वाचत. वहिनींना मात्र अक्षरओळख नव्हती. नवरा शेजारी बसून साऱ्या गल्लीशी बोलत असे आणि त्या त्याच्या अंगठ्याकडे पाहत बसत.

एके सकाळी भाजीवालीने विचारले, "काय हो वहिनी, दादांचं पोट राहिलं का दुखायचं?"

"कोणाचं पोट?"

"अहो, त्यांनीच लिहिलंय की काल! तुम्हाला नाही माहीत?"

वहिनी भाजी न घेताच परतल्या. "माझ्या नवऱ्याचं पोट दुखतं, ते मला भाजीवालीनं सांगायचं?" हे मला सांगतानाही त्यांचा आवाज चढला होता. त्याच आठवड्यात त्यांनी वर्गात नाव घातले.

जोडाक्षरांनी त्यांना रडकुंडीला आणले. पुस्तकातला धडा लांब असला की अर्ध्यावरच त्यांना दम लागे. यजमानांच्या दोन ओळी मात्र झेपत. पूर्ण वाचता आलेला पहिला संदेश असा होता: 'नळाची चकती बदलली. तरी गळतोच.' वहिनींनी तो मोठ्या हौसेने घरी आलेल्या नणंदेला वाचून दाखवला. नणंद शिकलेली आणि तोंडाने फटकळ.

"एवढ्यासाठी या वयात पाटी धरलीस? दादाचं ते सगळं कचरा आहे गं. नळ गळतो, हे काय जगाला सांगायचं?"

"वन्सं, आवाज होता तेव्हा तरी हे माझ्याशी कुठं भाषणं करत होते? मीठ कमी आहे, दार ओढून घे, नळ गळतोय. घरात एवढंच तर बोलणं असतं. तेच गेलं होतं."

"मग बस गळका नळ वाचत!" असे म्हणून नणंदेने चपला घातल्या.

वहिनी रोज दुपारी डबा घेऊन दुकानात जात. आता डबा देऊन झाला की त्या बाकावर बसत, फोन हातात घेत आणि यजमानांनी लिहिलेले संदेश अक्षराखाली बोट धरून मोठ्याने वाचत. नवशिक्याला मोठ्यानेच वाचावे लागते. स्वतःच्या कानावर पडल्याशिवाय त्याला अर्थ लागत नाही. गिऱ्हाइके म्हणत, "लागला रे रेडिओ पुन्हा! आता बाईच्या आवाजात!" यजमान कात्री वाजवून दाद देत.

एका दुपारी खुर्चीत निवृत्त हेडमास्तर बसले होते. त्यांचा एक गाल करून झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. वहिनींनी मागचा राहिलेला संदेश वाचायला घेतला. "प-र-वा ए-क गि-ऱ्हा-ई-क..." यजमानांचा वस्तरा हवेतच थांबला. त्यांनी हात हलवले, टॉवेल झटकला, पाण्याची बाटली आपटली. पण वहिनींचे डोळे अक्षरांवर खिळलेले होते. "...खुर्चीत घोरता घोरता दचकून उठलं आणि मलाच विचारलं, कोण घोरतंय इथे?"

बाकावरचे दोघे खो खो हसले. हेडमास्तर हसले नाहीत.

"म्हणजे माझी टिंगल करायला ही खुर्ची मांडलीय तर!" ते उठले, फेस पुसला आणि अर्ध्या दाढीनिशी रस्त्याला लागले.

संध्याकाळी यजमान सामान घेऊन त्यांच्या घरी गेले आणि उरलेला गाल करून आले. हेडमास्तरांचा राग निवळला. परंतु त्या दिवसापासून यजमानांनी लिहिणे सोडले. फोन फळीवर पडून राहिला. वहिनींनी तो पुढे केला की ते आधी वहिनींच्याच तोंडाकडे बोट दाखवत, मग फोनकडे, आणि मान हलवत. घरात पुन्हा टिचक्या वाजू लागल्या. वाचता येत होते, पण वाचायला काही नव्हते.

वहिनींनी वर्गाच्या बाईंना विचारले, "बाई, आवाज न करता वाचतात ते कसं?"

"ओठ मिटा आणि नुसत्या डोळ्यांनी वाचा."

"ओठ मिटले की अक्षरं पण मिटतात हो!"

सारा वर्ग हसला. वहिनीही हसल्या, पण त्यांनी नाद सोडला नाही. फळीवरचा फोन वर्गात आणून, यजमानांचे जुने संदेश समोर ठेवून, तोंडावर तळहात दाबून त्या वाचत बसत. आधी हाताखाली ओठ हलत, मग नुसती हनुवटी. पुढे पुढे तीही थांबली. मध्येच त्यांना एकटीला हसू फुटे, तेव्हा शेजारच्या बाकावरचे वळून पाहत.

माझ्या मते या संदेशांत पुष्कळसे बिनकामाचे असते, आणि हेडमास्तरांचा राग अगदीच खोटा नव्हता. तरीही त्यांना कचरा म्हणण्यापूर्वी ते कोणासाठी लिहिलेले आहेत, हे विचारावे.

अखेर वहिनींनी मुलीकडून स्वतःच्या फोनवर तशीच सोय करून घेतली. यजमानांच्या शेवटच्या संदेशाखाली, साऱ्या गल्लीला दिसेल अशा जागी, त्यांनी एकेक अक्षर दाबून आयुष्यातला पहिला संदेश लिहिला: 'अहो, लिहा पुन्हा. मी मनात वाचीन.'