खंड्याची दुसरी प्रत

मी आता जे लिहितो आहे ते सुमनलाही ठाऊक नाही. सुमन माझी बायको. वीस वर्षांच्या संसारात तिच्यापासून मला फारसं काही लपवता आलं नाही — पण हे लपवलं. तिलाच सांगितलं नाही, तर दुसऱ्या कुणाला सांगणार? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगवतंय.

आधी माझा स्वभाव सांगतो. दूधवाला माप भरतो तेव्हा मी दुधाकडे नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघतो. पोस्टातून पाकीट आलं की आधी चिकटवलेली कड तपासतो — वाटेत कुणी उघडून परत तर लावलं नाही? जिन्यावरची पावलं आमच्या दाराशी मंदावली, तर का मंदावली? असा मी. वसंता म्हणायचा, "तुझ्या घरी यायचं म्हणजे जकात नाका ओलांडायचा रे. एकदा माझ्या खिशात हात घालून बघ, म्हणजे तुझा चहा तरी गोड लागेल."

वसंता माझा मित्र. मी पार्ल्याला, तो अंधेरीला. तो एका कारखान्यात नकाशे काढायचा, मी कारकून. आम्हा दोघांना एकच वेड होतं — जुनी पक्ष्यांची चित्रं. दगडावरून छापलेली आणि मग एकेक प्रत हातानं रंगवलेली, शंभर वर्षांपूर्वीची. साहेब लोक परत गेले आणि त्यांच्या बंगल्यांतली मोठमोठी पुस्तकं फुटून रद्दीत आली, तेव्हा आम्हाला ही चित्रं मिळायला लागली. दर रविवारी सकाळी आम्ही माझ्या खिडकीशी बसायचो. नवं सापडलेलं चित्र उजेडात धरायचं. रंगवणाऱ्याचा कुंचला रेघेबाहेर कुठे गेलाय ते शोधायचं. त्या माणसाला त्या दिवशी घाई होती की काय, यावर तासभर बोलायचं.

आमचा एक नियम होता. एकाच पक्ष्याची दुसरी प्रत मिळाली, तर ती दुसऱ्याची. न मागता द्यायची. वसंतानं मला अशी चार दिली होती. हुदहुद दिला, हळद्या दिला — स्वतःलाच काही मिळाल्यासारख्या आनंदानं दिले.

माझ्याकडे खंड्या होता. पांढऱ्या छातीचा, पाठीवर तो निळा. वसंताचा त्याच्यावर जीव. दर रविवारी जाताना एकदा बघून जायचा. आणि एका गुरुवारी सांताक्रूझच्या रद्दीवाल्याकडे मला त्याच खंड्याची दुसरी प्रत मिळाली.

मी ती वसंताला दिली नाही. सांगितलंही नाही.

का? खरंच सांगतो, मला नीट कळलेलं नाही. दोन्ही माझ्याकडे असाव्यात असं वाटलं, एवढंच. पहिलीसारखीच बटरपेपरात गुंडाळून ती ट्रंकेत तिच्या शेजारी ठेवली आणि नंतर तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघायची लाज वाटायची.

इथे आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. घरात येणाऱ्या प्रत्येक चित्राच्या डाव्या कोपऱ्यात मी टाचणीनं बारीक भोक पाडायचो. उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही असं. कुणी बदललं तर ओळखता यावं म्हणून. कुणी म्हणजे कोण? माझी चित्रं हाताळणारा वसंताशिवाय होता कोण? ही दुसरी प्रत मात्र लपवण्याच्या घाईत तशीच राहिली, भोकाशिवाय.

त्याच वर्षी वसंतानं आठ दिवसांसाठी खंड्या मागितला. घरी नेऊन निवांत बघायचा होता. नाही कसं म्हणणार? तो माझ्या पाठीशी उभा होता. ट्रंकेत दोन गुंडाळ्या आहेत हे त्याला दिसू नये म्हणून मी अंगानं आड करून घाईनं एक ओढली आणि न उघडताच त्याच्या हातात दिली.

आठ दिवसांनी त्यानं परत आणली. म्हणाला, "घरी नेऊन बघितला तर निळा वेगळाच वाटला रे. आपल्या डोळ्यांचं काही खरं नाही." आणि हसला.

तो गेल्यावर मी चित्र खिडकीशी धरलं. भोक नव्हतं. निळाही खरंच वेगळा होता — जास्त उजळ, ताजा. नकाशे काढणारा माणूस. हात असा की मुंगीचे पाय मोजून काढील. आणि वर स्वतःच आधी सांगून मोकळा — निळा वेगळा वाटला म्हणे! मला सगळं लख्ख दिसलं. माझा खंड्या त्यानं ठेवून घेतला आणि नक्कल मला दिली.

सुमनला एवढा संशय तेवढा बोलून दाखवला. ती म्हणाली, "भाऊजी असं करतील असं नाही वाटत मला." मी म्हटलं, तुला माणसं कळत नाहीत.

शहाण्यानं काय केलं असतं? ट्रंक उघडून दुसरी गुंडाळी बघितली असती. मी उघडली नाही. आणि वसंतालाही विचारलं नाही.

घाटकोपरला एक निवृत्त डॉक्टर होते. त्यांच्याकडे अशी चारशेच्या वर चित्रं. नजर अधू झाली होती, मूलबाळ नव्हतं. सगळा संग्रह लावून, सांभाळून ठेवणारा कुणीतरी त्यांना हवा होता आणि पुढे तो त्याच्याच स्वाधीन करायचा होता. वसंता दोन रविवार जाऊनही आला होता. बोलताना त्याचा आवाज चढायचा — असे पक्षी त्यानं जन्मात बघितले नव्हते. त्याचा जुना मित्र म्हणून डॉक्टरांनी मला बोलावून विचारलं, माणूस कसा आहे?

मी म्हटलं, "चांगला आहे. फक्त घरी काही नेऊ देऊ नका."

"का हो?"

"काही नाही, सहज. हात फार चांगला आहे त्याचा. कशाचीही हुबेहूब नक्कल करतो."

एवढंच बोललो. त्याहून जास्त बोलायची गरज पडली नाही.

पुढच्या रविवारी दुपारी वसंता घाटकोपरहून थेट माझ्याकडे आला. बसला नाही. "पिशवी उघडायला लावली रे मला. दारात. त्यांच्याकडे चार माणसं बसली होती, त्यांच्यासमोर. डबा होता आत. डब्याचंसुद्धा झाकण काढायला लावलं." मी काय केलं? त्याला पाणी दिलं.

तो परत तिकडे गेला नाही. त्या चार माणसांत दोघे आमच्यासारखेच नाद असलेले होते, म्हणजे गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. महिन्याभरानं वसंता स्वतःची सगळी चित्रं घेऊन माझ्या दारात उभा. "ठेव तुझ्याकडे. घरात बघवत नाहीत. कुणी आलं की वाटतं, ही कुठून आणली म्हणून विचारतील."

तो जिना उतरेपर्यंत मी थांबलो. मग दाराला कडी लावली आणि त्याच्या गठ्ठ्यात माझा खंड्या शोधायला लागलो. एकेक चित्र उजेडात धरलं, मागून-पुढून बघितलं. खंड्या नव्हता. विकला असेल, म्हटलं. तरी मन मानेना. तेव्हा कुठे ट्रंक उघडली. ती दुसरी गुंडाळी काढली, सोडली, खिडकीशी नेली.

डाव्या कोपऱ्यातून उजेडाचा ठिपका आला.

माझा खंड्या ट्रंकेतच होता. मी वसंताला दिली होती ती दुसरी प्रत. हातानं रंगवलेल्या दोन प्रती कधी सारख्या नसतात — हे तर मीच लोकांना सांगायचो! त्यानं नेली तीच परत आणली होती. जी खरं तर त्याचीच होती.

त्या संध्याकाळी डॉक्टरांकडे जाता आलं असतं. पण त्यांना काय सांगणार होतो — माझ्याकडे दोन होत्या म्हणून? आणि वसंताला? मी चित्राच्या पाठीला थेंबभर खळ लावली, नखानं भोक दाबून बुजवलं, आणि सुमनला हाक मारून चहा टाकायला सांगितलं.

डॉक्टर पुढच्या वर्षी वारले. चारशे पक्षी कुठे गेले, मला माहीत नाही. वसंता आता मुलुंडला राहतो. पक्ष्यांचं नाव काढत नाही. त्याचा गठ्ठा माझ्याकडेच आहे.

गेल्या महिन्यात त्याच्या थोरलीचं लग्न झालं. पंगती उठल्यावर आम्ही दोघे मांडवाच्या कडेला खुर्च्या टाकून बसलो होतो. तो म्हणाला, "तेव्हा ज्यानं त्यानं विचारलं रे मला, खरं काय ते सांग म्हणून. सख्ख्या भावानंसुद्धा. तू एकट्यानं नाही विचारलंस."

मी म्हटलं, "विचारायचं काय त्यात?"

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मी तो ठेवू दिला.