बघते हं, येते

बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर गाड्या भाड्याने देणारं एक लहानसं दुकान आहे. ड्रायव्हर मिळत नाही, गाडी आपली आपण चालवायची. मालक भावजी आणि काउंटरवर त्यांची वहिनी. गिऱ्हाईकंही तिला वहिनीच म्हणतात. "वहिनींच्या जिभेवर माझी चाकं फिरतात," असं भावजी चारचौघांत म्हणायचे. वर वर ती "पुरे हो" म्हणायची, पण ते ऐकायला तिला आवडायचं.

दुकानाबाहेर पाटी होती, 'स्वस्तात स्वस्त गाडी', आणि खाली एका छोट्या पांढऱ्या गाडीचं चित्र. चित्रातली गाडी खोटी नव्हती. ती मागच्या आवारात ताडपत्रीखाली उभी असे. पाटी वाचून कुणी आत शिरलं, त्यातून परदेशातून आलेलं असलं, की वहिनीने हळहळून म्हणायचं, "अगंबाई, आत्ताच गेली हो! जरा आधी आला असतात तर!" मग हळूच मोठी गाडी पुढे करायची. सामान ओढत, घाम पुसत आलेला माणूस कुठे परत जातो? मुकाट्याने मोठी घेई. वहिनीला हे खोटं बोलणं वाटतच नसे. दुकानात बोलायची ती एक रीत होती, जशी घरात पाहुण्याला "बसा ना" म्हणायची असते.

त्या शनिवारी दुकान अर्ध्या दिवसाने बंद व्हायचं होतं. ती आवराआवर करत असताना एक म्हातारे परदेशी गृहस्थ आत आले. इस्त्रीचा शर्ट, हातात एकच बॅग. काउंटरपाशी उभे राहून त्यांनी घसा साफ केला आणि पाठ म्हणून दाखवावा तसं म्हणाले, "नमस्कार बाई. मला एक लहान वाहन हवे आहे. त्याचे भाडे मला परवडले पाहिजे."

वहिनीला हसू आलं. "आजोबा, छान बोलता की तुम्ही!"

"मी अद्याप आजोबा नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "मुलीचे लग्न झालेले नाही."

मुलगी इथेच, डोंगरावरच्या गावात नोकरीला होती. उद्या सकाळी तिचं ऑपरेशन. "ती म्हणाली, बाबा, येऊ नका. म्हणून मी आलो." विमानतळावरच्या भाड्याच्या गाड्यांच्या कंपन्यांनी त्यांचं वय पाहून विम्याचा असा काही आकडा सांगितला होता, की ते तिथून बाहेरच पडले. डोंगरावर जाणारी बस सकाळीच निघून गेली होती. कुणीतरी या दुकानाची पाटी सांगितली, आणि ते चालत आले.

"अगंबाई, ती छोटी आत्ताच गेली हो," वहिनी म्हणाली. जीभ आपोआप चालली. "मोठी आहे, ती देऊ?"

त्यांनी मोठीचं भाडं विचारलं आणि मान हलवली. "नाही. तेवढे माझ्याकडे नाही." पण ते हलले नाहीत. वहिनीला घरी जायचं होतं, पोटात भूक होती. नको असलेल्या माणसाला जसं सगळेच म्हणतात, तसं ती म्हणाली, "बरं, बघते हं काहीतरी." शटर ओढलं, कुलूप लावलं आणि निघता निघता म्हणाली, "येते हं."

घरी जाऊन ती जेवली. पंखा लावून झोपली. उठून चहा घेतला आणि ऊन कलल्यावर दूध आणायला बाहेर पडली.

दुकानाच्या पायरीवर ते बसलेले होते. बॅग मांडीवर, पाठ ताठ. तिला पाहताच घाईघाईने उभे राहिले. चेहरा असा उजळला, की वहिनीला मागे वळून पाहावंसं वाटलं, दुसरंच कुणी आलंय की काय.

"आलात! एक मनुष्य म्हणाला, दुकान आता सोमवारी उघडेल, जा. मी म्हणालो, नाही. बाई गाडी बघत आहेत. त्या येते म्हणाल्या आहेत. मिळाली का?"

"येते" म्हणजे "चालले" आणि "बघते" म्हणजे "नाही", हे या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने दोन्ही शब्द जसेच्या तसे घेतले होते आणि त्यांच्या भरवशावर दुपारभर उन्हात बसला होता. खरं सांगायची वेळ हीच होती. तिने तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "हो, मिळाली ना! आत्ताच परत आली."

तिने मागचं फाटक उघडलं. ताडपत्रीवर वाळक्या पानांचा थर साचला होता. म्हाताऱ्यांनी दुसरं टोक धरून ती नीट घडी घालायला मदत केली.

"आल्याबरोबर झाकून ठेवली," ते कौतुकाने म्हणाले. "तुम्ही लोक गाडीची फार काळजी घेता."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वहिनीला झालं.

मग त्यांनी आभाळाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अंधारात मला नीट दिसत नाही, बाई. म्हणून दुपारी निघायचे होते. आणि तो रस्ता घाटाचा आहे."

इतकी वर्षं गाड्यांच्या दुकानात काढून वहिनीला गाडी चालवता येत नव्हती. तिने भावजींना फोन लावला.

"भावजी, दुकानावर या. छोटी घेऊन वरच्या इस्पितळात जायचंय."

"आत्ता? कोण गचकलं?"

"माझ्यामुळे एक माणूस दुपारपासून पायरीवर बसलाय."

"बसू दे की, पायरीचं भाडं नाही घेणार आपण." भावजी स्वतःच्याच विनोदावर हसले. "सकाळी बघू, वहिनी."

"बघू नका," वहिनी म्हणाली. "या."

तिचा असा आवाज भावजींनी कधी ऐकला नव्हता. कुरकुरत का होईना, ते आले.

घाटात वहिनी मागच्या सीटवर अंग चोरून बसली होती. पुढे म्हातारे भावजींना सांगत होते, "तुमच्या वहिनी फार कष्टाळू आहेत. माझ्यासाठी दुपारचे जेवणही घेतले नसेल." भावजींना खोकल्याची उबळ आली.

पोहोचले तेव्हा भेटायची वेळ संपत आली होती. नर्सने दारातूनच सांगितलं, "लवकर उरका हं." मुलगी उशीला टेकून बसली होती. बापाला पाहून ती आधी त्यांच्या भाषेत रागावली, मग रडली, मग त्यांचा हात धरून ऐकत राहिली. भावजी गाडीची चावी टेबलावर ठेवून बाहेर गेले. वहिनीही वळली, तोच मुलीने हाक मारली. ती इथे मुरलेली होती, अगदी घरच्यासारखी बोलत होती.

"वहिनी ना तुम्ही? बाबा सांगतायत, दुपारभर वणवण करून गाडी शोधलीत म्हणे त्यांच्यासाठी. जेवलात तरी का?"

"असू दे हो, त्यात काय," हे शब्द वहिनीच्या ओठांवर आले होते. तिने ते गिळले आणि खाली मान घालून भरभर म्हणाली, "जेवले. जेवून झोपलेसुद्धा. गाडी मागेच उभी होती, सकाळपासून. छोटी आम्ही पटकन देत नाही कुणाला."

"पण तुम्ही म्हणालात ना त्यांना, बघते, येते..." मुलगी मध्येच थांबली. तिला उलगडलं. "अरे देवा. बाबांनी ते खरं धरलं."

"काय म्हणाल्या?" म्हाताऱ्यांनी विचारलं. "बाई फार वेगाने बोलल्या."

मुलीने वहिनीकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तरी चाललं असतं. मग तिने बापाला त्यांच्या भाषेत काहीतरी अगदी थोडक्यात सांगितलं. म्हातारे पुढे आले आणि त्यांनी वहिनीचा हात दोन्ही हातांत घेतला. "मी आपला आभारी आहे, बाई. मुलगी म्हणते, तुम्ही थकल्या आहात. घरी जाऊन विश्रांती घ्या."

"माफी मागू दे मला त्यांची," वहिनी मुलीला हळूच म्हणाली.

"नको," मुलगी म्हणाली. "माझ्याशी बोलणाऱ्या माणसांशी बोलता यावं म्हणून ते ही भाषा शिकले, या वयात. उद्या मी आत असताना ते बाहेर एकटे बसणार आहेत. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून हे त्यांच्या डोक्यावर कशाला?"

वहिनी दार लोटून बाहेर आली.

गाडी म्हाताऱ्यांकडेच राहिली, म्हणून दोघं खाली जाणाऱ्या शेवटच्या बसच्या थांब्यावर आली. "घरात इतक्या गाड्या आणि आपण बसची वाट बघतोय," भावजी म्हणाले. मग त्यांना हसू फुटलं. "पण काय हो वहिनी, आठवडाभर 'आत्ताच गेली' म्हणायला आता खोटं नको बोलायला!"

वहिनी हसली नाही.

"काय झालं? काही बोलली का ती पोरगी? आभार तरी मानले का?"

"मानले," वहिनी म्हणाली. "म्हाताऱ्यांनी मानले."