ई-क्लासातला तणमोर

तेल्हाऱ्याजवळच्या एका ग्रामपंचायतीत मी तेव्हा संगणकावर बसायची. दाखले काढायचे, ठराव टाइप करायचे, सरपंच म्हणतील ते छापायचं. एका श्रावणात सरपंचांनी पेनड्राइव्ह दिला. ठराव तयारच होता, नुसतं गावाचं नाव टाकायचं होतं. आमच्या ई-क्लासात, म्हणजे सरकारी गायरानात, एका कंपनीला जमिनीखालचा गॅस शोधायला खोल बोअर मारायचं होतं. त्यात एक वाक्य होतं: 'सदर जमीन पडीक असून तेथे कोणतेही वन्यजीव आढळत नाहीत.'

समोर पारधी बेड्यावरची, म्हणजे त्यांच्या वस्तीवरची, एक बाई रहिवासी दाखल्यासाठी बसली होती. पन्नाशीची, गायरानात शेळ्या चारायची.

"ताई, काय लिवून राहिली?"

मी वाचून दाखवलं.

"कोन म्हन्ते नाई म्हनून?"

"इथं लिहिलंय."

"लिवनारा आला होता का तिथं? तनमोर हाय. आत्ता उड्या मारून राहिला."

मी रोज त्याच गायरानाच्या कडेनं यायची. तणमोर, म्हणजे गवतात राहणारा तो दुर्मिळ पक्षी, कधी पाहिला नव्हता. खरं तर मीही ती जमीन पडीकच समजायची.

ठराव मी छापला नाही. सरपंचांना सांगितलं, शाई संपली. शाई भरपूर होती. नवी शाई येईपर्यंत वनविभागाच्या नावानं अर्ज लिहिला, त्यावर बाईचा अंगठा घेतला आणि बराच वेळ बसून राहिले. मी कंत्राटी होते. मग खाली सही केली.

आठवड्यानं वनपाल आले. सोबत कंपनीचा माणूस आणि सरपंच. बाईनं आम्हाला कमरेएवढ्या गवतात नेऊन बसवलं. तासभर काही झालं नाही. कंपनीच्या माणसाच्या मोज्यांत कुसळं भरली.

"मॅडम, बर्ड कहाँ है?" त्यानं मला विचारलं.

उत्तर बाईनं दिलं. "तुमी बोलून राहिले, म्हनून नाई उडून राहिला."

सगळे गप्प बसले. थोड्या वेळानं बेडकासारखा टर्र आवाज आला आणि गवतातून एक काळा पक्षी सरळ वर उडाला, त्यानं हवेत पाय झाडले आणि तो पुन्हा खाली पडल्यासारखा उतरला.

"कोंबडीएवढाच तं हाय," सरपंच म्हणाले.

वनपालांनी कागद काढला. "तुम्हाला जागा इतकी नेमकी कशी माहीत?"

"फासे लावत होतो ना आमी, सायेब. माह्या बापानं लई धरले."

आम्ही सगळ्यांनी दुसरीकडं पाहिलं. वनपालांनी पेन झटकलं.

"आता लावत नाही ना?"

"आता शेळ्या हायेत."

त्यांनी लिहिलं: 'स्थानिकांकडून मिळालेल्या माहितीनुसार.'

ग्रामसभेत मात्र तणमोरावर फार कोणी बोललं नाही. एका म्हाताऱ्यानं कंपनीच्या माणसाला विचारलं, "गॅस निंघाला तं गावाले भेटन का?" तो म्हणाला, नाही, पाइपातून बाहेर जाईल. "मंग गवत राहू द्या. ढोरं तरी खातीन." यावर हात वर झाले. पक्ष्याचं नाव नकाराच्या ठरावात शेवटच्या ओळीत आलं, तेही मी टाकलं म्हणून. महिनाभरात कंपनीनं बोअरची जागा आखायला गायरानात रोवलेल्या लाल झेंड्या काढून नेल्या. पुढं दुसरीकडं कुठं बोअर मारलं का, ते आम्हाला कोणी कळवलं नाही.

सरपंच पुढं दोन महिने माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. मग त्यांनीच हौसेनं गायरानापाशी पाटी लावली, 'तणमोर संरक्षित क्षेत्र'. रंगाऱ्यानं तणमोर पाहिलेला नव्हता. त्यानं पिसारा फुलवलेला मोर काढला. मला फार वाईट वाटलं. मी बाईला पाटी दाखवायला नेलं.

तिनं पाटीवरच्या मोरावर बोट ठेवलं. "राहू दे," ती म्हणाली. "लोक याले शोधत फिरतीन. त्याले कोनी तरास नाई देनार."