इंग्रजीचा रविवार

लेकरू चार वर्षांचं झालं आणि वसमतच्या एका इंग्रजी शाळेत जायला लागलं. पहिल्याच महिन्यात बाई म्हणाल्या, "घरी इंग्रजी बोलत जा." नवरा हळदीच्या आडतीवर कामाला, पण त्यानं हे फारच मनावर घेतलं. रविवारी घरात फक्त इंग्रजी, असा नियमच काढला.

माझं इंग्रजी पहिल्या रविवारी सकाळी नऊलाच संपलं. नवऱ्याचं दहापर्यंत टिकलं. सासऱ्यांना येस, नो आणि थँक्यू एवढंच येत होतं. त्यांचा चष्मा सापडेना. डोळ्यांकडं बोट करून ते मला सारखं "थँक्यू, थँक्यू" म्हणत राहिले. मला वाटलं, थेंब टाकायचेत. मी टाकले.

अकराला घर गपगार. कंटाळून पोरगी शेजारच्या खालांकडं गेली. जन्मापासून अर्धा दिवस ती तिकडंच. त्यांची बोली त्यांच्यासारखीच बोलायची. तिनं जाऊन सांगितलं, "हमारे घरमें कोई बातां नै कर रे. दादाके आँखोंमें पानी."

थोड्या वेळात खाला खिचडीचं पातेलं घेऊन दारात. कुणीतरी गेलं, असंच त्यांनी धरलं होतं. माझा हात धरून म्हणाल्या, "कौन गया बेटी?"

मी नवऱ्याकडं पाहिलं. तो नियमाचा पक्का. "नो गो," म्हणाला. सासरे म्हणाले, "थँक्यू." खालांनी ओढणी डोळ्यांना लावली.

शेवटी पोरगीच बोलली, "खाला, इनो लोगां कू अंग्रेजी हुई."

"या अल्ला! कबसे?"

"सुबे से."

खालांनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मला हसू आवरेना. "आवो खाला, कुनाला काई झालं न्हाई. लेकराला इंग्रजी यावं म्हणून आमी आज मराठी बंद केली."

"तुमकू आती क्या अंग्रेजी?"

"न्हाई."

"फिर?"

नवरा पातेल्यात डोकावून म्हणाला, "हिच्याबराबर लोणचं पायजे."

तेव्हापासून रविवारी ज्याच्या तोंडाला जे येईल ते तो बोलतो. पोरगी खालांशी त्यांचं बोलते, आमच्याशी आमचं. इंग्रजी फक्त बाहुलीशी. परवा विचारलं, "काहून गं?"

तर म्हणाली, "तिला दुसरं काईच येत न्हाई."