कोळशाची रेघ

नातीनं शाळेत ईस्टरसाठी रंगवलेलं प्लास्टिकचं अंडं माझ्या हातात ठेवलं आणि मी पटकन ते कानाशी नेलं.

तिची आई, म्हणजे माझी लेक, पहिलीत होती तेव्हाची गोष्ट. आखाडा बाळापूरच्या इंग्रजी शाळेची गाडी यायच्या वेळेला पोरगी रडायला लागली. "टीचरनी रंगवायला रिकामं अंडं आणायला सांगितलं. न्हाई नेलं तर बाहेर उभं करतात." आमच्या घरात अंडं येत नसे आणि दुकानं उघडली नव्हती.

शेजारच्या गंगामावशी शेळ्या घेऊन रानात गेल्या होत्या. त्यांच्या ओट्यावर डालग्यात कोंबडी उबवायला बसली होती. उबवायच्या अंड्यांवर मावशी कोळशानं रेघ ओढत. बिनरेघेचं अंडं म्हणजे दुसऱ्या कोंबडीनं घातलेलं, ताजं. मी हात घातला. कोंबडीनं मनगट टोचून काढलं, पण बिनरेघेचं एक सापडलं.

घरी येऊन आतलं काढायला सुईनं भोक पाडलं, तर आतून बारीक चिवचिव आली. रेघ पिसांना घासून पुसली गेली होती.

मी भोकावर कणीक लावली. मग जीव गुदमरेल म्हणून काढली. पुन्हा लावली, पुन्हा काढली.

"आई, आत कोण हाय?"

"कोणी न्हाई," मी म्हणाले आणि ते कोंबडीखाली सरकवून आले.

त्या सकाळी पोरीच्या शिक्षेचीच धास्ती होती. चार दिवसांनी मावशींनी डालगं उचललं, तेव्हा मी दार लावून घेतलं. किती पिल्लं निघाली, ते मला आजही माहीत नाही.