तबकातलं झाड

अक्काच्या घरात येणाऱ्या माणसाला आधी पाणी मिळे, मग बसायला सतरंजी. प्रश्न मात्र त्याच्या हातातल्या वस्तूबद्दल असे. "ही पिशवी कुठली?" "हा गूळ कुठला?" बसवकल्याणच्या त्या गल्लीत माझ्या वडिलांच्या या थोरल्या बहिणीला सगळे ‘कुठलीअक्का’च म्हणत. प्रत्येक वस्तूला एक माहेर असतं आणि ते कळल्याखेरीज ती घरात नांदत नाही, अशी तिची श्रद्धा होती. गुळाचा खडा जिभेवर ठेवून ती डोळे मिटायची आणि त्याच्या किंचित खारटपणावरून ऊस कोणत्या अंगाच्या विहिरीवर वाढला ते सांगायची. पुष्कळदा चुकायची. चुकली की तिला जास्तच आनंद व्हायचा, कारण मग आणखी दोन प्रश्न विचारता यायचे.

माणसाचं मूळ मात्र तिनं कधी विचारलं नाही. भांडी विकणारा असो वा दूरचा पाहुणा, त्याची जात, कूळ, मागची पिढी यांना तिच्या ओसरीवर प्रवेश नव्हता. "गळ्यात लिंग बांधलेल्याला मागचं इचारायचं न्हाई म्हणत्यात. मी म्हणते, न बांधलेल्यालाबी कामून इचारायचं?" असं ती म्हणे. मी एकदा चिडवलं, "मग वस्तूंवरच एवढा संशय का?" तर शांतपणे म्हणाली, "संशय न्हाई गं. माणूस बोलतंय, आपलं आपण सांगतंय. वस्तूला कोण इचारणार?"

तिला आजवर दाद न देणारी वस्तू एकच होती, आणि ती तिच्या पूजेच्या कोनाड्यातच होती. सासूकडून आलेलं निळं-पांढरं चिनी तबक. लांबट, जड, हिवाळ्यातल्या पहाटेसारखं थंड. काठावर निळ्या फुलांची दाटी, मध्ये एक पूल आणि पुलावर तीन ठेंगणी माणसं. ते भिक्षेला निघालेले जंगम आहेत, असं अक्का लहान मुलांना सांगायची. पण खरं नवल चित्राच्या खाली होतं. तबकाच्या अंगातच फांद्या फुटलेल्या झाडासारखे उथळ पन्हळ कोरलेले होते. सगळ्या फांद्या एका खोडाला मिळत आणि खोड टोकाशी असलेल्या वाटीएवढ्या खळग्यात उतरे.

पहाटे अक्का डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन त्यावर पाणी सोडायची. ते पाणी बोटांमधून तबकात पडायचं, फांद्याफांद्यांतून वाट काढत धावायचं आणि त्या खळग्यात येऊन स्थिरावायचं. तिथूनच ती तीर्थ घ्यायची. ओल्या विभूतीचा वास आणि पाण्याची ती निळसर धाव: तिच्या घरी मुक्काम केला की माझी सकाळ अशी उजाडे. पूजेसाठीच ज्यानं हे घडवलं तो कारागीर भाविक असला पाहिजे, याबद्दल घरात दुमत नव्हतं. फक्त तो कुठला, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

"तू कलबुर्गीच्या कॉलेजात शिकवतीस, चार गावं फिरतीस," अक्का एकदा म्हणाली. "एवढं हुडकून दे मला. रोज ज्यातलं तीर्थ घेते त्याचं माहेर ठाव न्हाई, बरं दिसत न्हाई ते."

मी तबकाचे फोटो काढले. पाठीवर पुसट निळा शिक्का होता, अक्षरं झिजून गेलेली. काही महिन्यांनी हैदराबादला कामासाठी गेले, तेव्हा जुन्या चिनी भांड्यांच्या एका दुकानात ते फोटो दाखवले. म्हाताऱ्या दुकानदारानं मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि हसला.

"चीन का नईं अम्मा, विलायत का माल है. गोरे साहब लोगां की गोश्त की रकाबी. ये झाड़ देखे क्या? भुने गोश्त का रस इसमें से उतरता, यहाँ गड्ढे में जमा होता. फिर चमचे से उसीच पे डाल लेते."

मग त्यानं सांगितलं की साहेब लोक मायदेशी परतत, तेव्हा त्यांचं सामान छावणीत हर्राशीला निघे. लिलावात ज्यानं बोली लावली, त्याच्या घरी ते जाई.

परतीच्या बसमध्ये मी फोटोतलं ते झाड पुन्हा पुन्हा पाहत होते. कांदासुद्धा बेतानं खाणारी अक्का. तिनं विचारलं नसतं तर प्रश्नच नव्हता. पण तिनं विचारलं होतं.

मी पोचले तेव्हा ती सुपात तूरडाळ निवडत होती. "विलायतेचं आहे," एवढंच मी सांगितलं.

"ते झालं. केल्तं कशासाठी?"

मी सांगितलं. सुपातलं बोट थांबलं.

"म्हंजे झाडातनं उतरतं ते..."

"मटणाचा रस, अक्का."

तिनं सूप खाली ठेवलं. मग, जणू दुसऱ्याच कुणाशी बोलावं तशी, म्हणाली, "मामंजींनी हर्राशीत एक आरामखुर्ची घेतल्ती. तिच्यासंगं खोकं आल्तं म्हणायच्या सासूबाई. त्यातलंच हे." कोडं सुटल्याचा आनंद तिच्या आवाजात क्षणभर लकाकला आणि विझला. "सासूबाईंनी झाड बघितलं, पाणी धावताना बघितलं, आन् देवापुढं ठेवलं. त्यांना कोण सांगणार होतं?" पुन्हा डाळीकडे वळत ती म्हणाली, "बरं केलंस, सांगितलंस."

दुसऱ्या पहाटे तिच्यासमोर पितळी ताट होतं. सपाट ताटात पाणी वाट फुटेल तिकडं पसरलं आणि पूजेअखेर तिचा पदर भिजला. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेले, तेव्हा पितळी ताटच दिसलं. "तबक कुठं आहे?" असं विचारलं की "हाय की, ठेवलंय," म्हणायची. तिची सून सुवर्णावहिनी फटकळ. एकदा माझ्या देखत म्हणाली, "हौसेनं हुडकायला लावलं, आता पदर वाळवत बसा." अक्का हसली. मला हसता आलं नाही.

गेल्या माघात एका सकाळी वहिनीचा फोन आला. पूजा आटोपून अक्का भिंतीला टेकली होती, ती तशीच गेली. मी पोचले तेव्हा आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे तिला बसवलेलं होतं. कपाळभर विभूती, तळहातावर लिंग, चेहऱ्यावर काहीतरी विचारायचं राहिल्यासारखा भाव. विधीला आलेल्या जंगमांनी अखेरच्या तीर्थासाठी तिच्या पूजेतलं पाणी मागितलं.

वहिनी आत गेली आणि दोन्ही हातांवर निळं तबक तोलत बाहेर आली. फांद्या अजून ओल्या होत्या. खळग्यात त्या पहाटेचं पाणी होतं.

मी तिच्याकडे पाहिलं. तबक सांभाळत ती हळू आवाजात म्हणाली, "रोज ह्यातच करायच्या. तुम्ही येयलाव म्हणून फोन आला की तेवढं पितळेचं काढायला लावायच्या. म्हणायच्या, पोरीनं एवढं हिंडून हुडकून आणलंय, तिचं ऐकलं न्हाई असं वाटू नये तिला."